वयात येणं आणि पोक्त होणं

मराठीत दोन शब्द आहेत. मुलगा 'वयात आला' असं आपण म्हणतो, आणि एखादी बाई 'पोक्त' आहे असंही म्हणतो. वयात यायला काही करावं लागत नाही, शरीर ते आपोआप करतं. पोक्त व्हायला मात्र घर चालवावं लागतं, आजारपणं काढावी लागतात, चार माणसांची मनं राखावी लागतात, आपण केलेल्या गोष्टीचा दुसऱ्याला किती चटका बसतो ते बघावं लागतं. इंग्रजीला या दोन्हींसाठी 'अॅडल्ट' हा एकच शब्द पुरतो, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाला बरंच काही खपून जातं.

मी हे कशाबद्दल बोलतेय ते आधी सांगते. हातानं काढलेल्या चित्रांचे, अवकाशयानं, परग्रह आणि राक्षसी यंत्रं यांच्या गोष्टी सांगणारे आणि मागे रॉक संगीताचा दणदणाट असलेले चित्रपट. 'मोठ्यांसाठीची कार्टून' म्हणा हवं तर. तुम्ही म्हणाल, बेळगावातल्या एका गृहिणीला याच्याशी काय करायचंय? करायचंय ते असं, की हे सगळं आता आपल्या घरात आहे. मुलाच्या खोलीचं दार लोटलेलं असतं, कानात ती बोंडं खुपसलेली असतात, आणि आपण मागून डोकावलो तर पडद्यावर चित्रं हलताना दिसतात. 'कार्टून बघतोय' म्हणून आपण निर्धास्त होऊन कुकर लावायला जातो. चित्र म्हटलं की ते मुलांचंच, ही आपली जुनी समजूत. ती समजूत या चित्रपटांनी कधीच मोडीत काढली आहे, फक्त आपल्याला कुणी कळवलं नाही.

या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे 'हेवी मेटल'. १९८१ साली आलेला, कॅनडात तयार झालेला. निर्माता आयव्हन राइटमन, दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटन. फ्रान्समध्ये १९७४ च्या शेवटी चित्रकथांचं एक मासिक निघालं, त्याची अमेरिकेतली आवृत्ती १९७७ पासून 'हेवी मेटल' या नावानं निघू लागली, आणि तिच्यावरून हा चित्रपट. सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी, त्यांना जोडणारा एक हिरवा चमकता गोळा, आणि गाणी ब्लॅक सॅबथ, ब्लू ऑयस्टर कल्ट, डेवो, सॅमी हेगर अशा त्या काळच्या नामांकित मंडळींची. माझा एक भाचा अॅनिमेशन शिकतो. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "मावशी, हा क्लासिक आहे, पण तू नको बघूस." त्याचं 'नको बघूस' मला खटकलं. मी चष्मा लावून दीड तासाचा सगळा चित्रपट पाहिला, आणि त्यातल्या चित्रकारांचा हात चांगला आहे हेही मान्य केलं. पुढचं जे लिहितेय ते पाहून लिहितेय, ऐकून नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण आपल्या मंडळातल्या काही जणींचा आक्षेप मला माहीत आहे. "शी! उघड्यावाघड्या बायका असतात त्यात. कशाला तोंडात त्याचं नाव घ्यायचं?" मैत्रिणींनो, माझी तक्रार नग्नतेबद्दल नाही. आपण बस्तीत जाऊन रोज दिगंबर मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या बायका. उघडा देह बघून दचकायचं वळणच आपल्याला नाही. तिथे देह आहे, पण त्या देहाला कुणाकडून काही नको आहे आणि कुणाला त्या देहाकडून काही हवं नाही, म्हणून तो पाहताना डोळे खाली जात नाहीत. माझी तक्रार हिंसेच्या चित्रांबद्दलही नाही. नरकाची चित्रं आपण लहानपणापासून पाहिली आहेत. करवतीनं कापले जाणारे, उकळत्या कढईत टाकलेले जीव त्यात असतात, आणि आपल्या आज्या पाच वर्षांच्या नातवंडांना जवळ घेऊन तीच चित्रं दाखवत आल्या. पण त्या चित्रात ज्याला कापतात त्याला दुखतं, आणि का दुखतंय त्याचं कारण आजीला सांगता येतं. प्रश्न देहाचा नाही, रक्ताचाही नाही. तो देह कुणाचा म्हणून दाखवलाय आणि ते रक्त कुणाला लागतंय, एवढाच प्रश्न आहे.

आता या कसोटीवर 'हेवी मेटल' लावून बघू.

एका गोष्टीत एक काटकुळा पोरगा परग्रहावर जाऊन पडतो आणि तिथे त्याचा पिळदार देहाचा धिप्पाड पुरुष होतो. एका बाईचा बळी जाणार असतो, तिला तो वाचवतो, आणि ती लगेच आभार म्हणून स्वतःला त्याच्या स्वाधीन करते. मग तिथली राणीही त्याची मागणी करते. बाई म्हणजे शर्यत जिंकल्यावर मिळणारा पेला. पोरानं स्वतःच्या मनात रचलेलं हे स्वप्न आहे, त्याच्या वयाला ते शोभतंही. पण याला 'प्रौढांसाठी' का म्हणायचं? हे तर चौदा वर्षांच्या मुलाचं मन जसंच्या तसं मांडलंय.

दुसऱ्या गोष्टीत कॅप्टन स्टर्न नावाच्या अवकाशातल्या ठगावर खटला चालतो. कोर्टात आरोपांची यादी वाचतात. खून, चोरी, चाचेगिरी, फसवणूक, मग बलात्काराचे डझनावारी गुन्हे, आणि सगळ्यात शेवटी वाहतुकीचा नियम मोडल्याचा एक आरोप. प्रेक्षकांनी हसायचं ते या शेवटच्या आरोपाला. म्हणजे त्या सगळ्या बायका कशाला आल्या? विनोदाची एक पायरी म्हणून. मी काही विनोदाची वैरीण नाही. पण हसणाऱ्याचा पाय कुणाच्या अंगावर आहे, हे पाहिल्याशिवाय मला हसू येत नाही.

शेवटची गोष्ट तार्नाची, आणि याच गोष्टीवर चाहत्यांची सगळी भिस्त. "बघा, यात स्त्री नायिका आहे, योद्धा आहे, अन्यायाचा सूड घेते." घेते, खरं आहे. मोठ्या पक्ष्यावर बसून, तलवार घेऊन येते आणि जग वाचवते. पण ही योद्धा लढाईला निघण्यापूर्वी कपडे उतरवते आणि जे चिलखत घालते त्यानं धड खांदाही झाकत नाही. पुढे शत्रू तिला पकडून चाबकानं मारतात, आणि कॅमेरा तो मार सावकाश न्याहाळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तार्ना बोलत नाही. अख्ख्या कथेत एक शब्द नाही. ज्यांचं गाव कापलं गेलं त्यांच्यासाठी ती मरते, पण तिला काय वाटलं हे तिला कुणी विचारत नाही. तिचं चालणं-वळणं खरं वाटावं म्हणून जिवंत मॉडेलचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं काढली होती. देह टिपायला एवढे कष्ट घेतले, दोन वाक्यं लिहायला मात्र कुणाला वेळ झाला नाही.

याच चित्रपटाची आणखी एक हकिकत सांगते. तो गाजला, रात्रीच्या खेळांना पोरांची गर्दी व्हायची, पण त्याची घरी बघायची अधिकृत कॅसेट १९९६ पर्यंत निघू शकली नाही. कारण गाण्यांचे हक्क. इतक्या बँडांची गाणी होती की त्या सगळ्यांचा हिशोब मिटायलाच पंधरा वर्षं गेली. गाण्याच्या ओळीन् ओळीला मालक होता, त्याला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. हक्क म्हणजे काय हे त्या धंद्याला नीट कळत होतं. बाईच्या बाबतीत मात्र ते कुणाला आठवलं नाही.

आता चाहत्यांचं दुसरं म्हणणं. "काळच तसा होता हो, १९८१ साल! आजच्या नजरेनं कशाला मोजता?" ठीक, त्याच काळाच्या नजरेनं मोजू. डॅन ओबॅनन हा लेखक 'हेवी मेटल'मधल्या दोन गोष्टींच्या मागे आहे. याच माणसानं त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७९ साली आलेल्या 'एलियन'ची पटकथा लिहिली होती. त्या पटकथेतली पात्रं पुरुषानंही करावीत, बाईनंही करावीत अशी लिहिलेली होती. त्यातून रिप्ली आली. रिप्ली बोलते, वाद घालते, नियम काय आहे ते वरिष्ठांना सुनावते, आणि तिचं न ऐकल्यामुळेच पुढचा अनर्थ होतो. म्हणजे काळाला बोलकी बाई माहीत होती. चित्रांच्या मासिकाला आणि गिटारवाल्या मंडळींना ती नको होती, इतकंच. काळाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं असतं, काळ काही उलट उत्तर देत नाही.

त्याहून मागे जाऊ. १९७३ साली फ्रेंच दिग्दर्शक रने लालू यांचा 'फॅन्टॅस्टिक प्लॅनेट' आला. चित्रं रोलां तोपोर यांची, काम झालं प्रागच्या यिरी त्रिन्का स्टुडिओत, आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला विशेष पुरस्कार मिळाला. संगीत आलँ गोरागेर यांचं, जॅझ आणि रॉक यांच्या मधलं, गिटारचा तो 'वाव वाव' असा रडवा सूर आणि संथ ठेका. हाही मोठ्यांसाठीचाच, यातही उघडे देह आहेत, मृत्यू आहे.

त्याची सुरुवात ऐका. एक बाई तान्हं पोर छातीशी धरून पळतेय. वरून एक प्रचंड निळं बोट येतं आणि तिला टिचकी मारून मागे ढकलतं. ती उठते, पुन्हा पळते, पुन्हा बोट. असं करता करता ती मरते. मग कळतं, ती बोटं राक्षसांच्या पोरांची. त्या ग्रहावर ड्राग नावाचे निळे महाकाय जीव राहतात आणि माणसं त्यांच्यासाठी मुंग्यांएवढी. पोरं खेळत होती, खेळणं मोडलं, इतकंच. ते तान्हं पोर एक ड्राग मुलगी घरी नेते, त्याच्या गळ्यात पट्टा घालते, त्याला बाहुलीसारखे कपडे चढवते, त्याचे लाडही करते. आणि माणसं फार वाढली की ड्राग लोक विषारी वायू सोडून त्यांचा 'उपद्रव' कमी करतात, तेही अगदी सभ्यपणे, ठराव करून.

पाण्याला गाळणं बांधणाऱ्या, पावसाळ्यात पाऊल बघून टाकणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागेल का? पायाखाली येतो त्याचंही एक घर असतं, त्याच्याही कडेवर पोर असतं, हे आपण आपल्या मुलांना शब्दांनी शिकवत आलो. इथे एका परक्या माणसानं तेच आपल्यालाच मुंगीच्या जागी उभं करून दाखवलं. आणि ते पट्टा घातलेलं पोर मोकळं कसं होतं? ड्राग मुलीच्या कानाला लावलेल्या यंत्रातून तिचे धडे ऐकून. शिकून. यात बाईचा देह उघडा आहे, पण कुणी तो विकत नाही. हा चित्रपट पोक्त आहे. पहिला नुसताच वयात आलेला आहे. दोन्हींच्या कपाळावर चिठ्ठी मात्र एकच.

"म्हणजे तुम्हाला रॉकचा राग आहे," असं भाचा म्हणाला. अजिबात नाही. आवाज मोठा असला म्हणजे माणूस वाईट ठरत नाही. नाहीतर आपल्या मिरवणुकीतल्या हलगीला काय म्हणाल? १९६८ चा बीटल्सचा 'यलो सबमरीन' घ्या. त्यात निळे दुष्ट लोक एका हसत्या देशावर हल्ला करून तिथलं गाणंच बंद पाडतात आणि गाण्यानंच तो देश परत जिवंत होतो. आणखी सांगते, १९८३ चा 'रॉक अँड रूल'. कॅनडाच्याच नेलव्हाना या कंपनीचा. युद्धानंतर माणसं संपलेली, कुत्र्या-मांजरांतून आणि उंदरांतून उपजलेली नवी जमात. त्यात मॉक नावाचा एक उतरत्या काळातला रॉक गायक दुसऱ्या जगातला राक्षस बोलावू पाहतो, आणि त्यासाठी त्याला एक विशिष्ट आवाज हवा असतो. तो आवाज एंजल नावाच्या गाणाऱ्या मुलीचा. तिच्या गाण्याला आवाज दिलाय डेबी हॅरीनं.

मला त्यातलं सगळंच पटलं असं नाही, एंजललाही पळवून नेतातच. पण फरक बघा. इथे सगळी मारामारी बाईच्या गळ्यासाठी आहे. तिच्या बरोबरीच्या मुलाला, ओमारला, ती स्वतःचं गाणं गाते हे सहन होत नाही. तो चालू कार्यक्रमातून उठून जातो. आणि शेवटी राक्षस परत जातो तो कधी? ओमार तिच्या सुरात सूर मिसळतो तेव्हा. आपल्या कितीतरी घरांतली गोष्ट आहे ही. हा चित्रपट धड प्रदर्शितही झाला नाही, कंपनी बुडता बुडता वाचली आणि पुढे लहान मुलांच्या अस्वलांची कार्टून काढू लागली. मुकी तार्ना मात्र पोस्टरवर मिरवत राहिली. बाजार कशाला टाळी देतो, ते यातून कळतं.

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं, असं म्हणून सोडून देता येईल का? नाही. 'हेवी मेटल' पुन्हा काढायचा असं दोन बड्या दिग्दर्शकांनी ठरवलं, टिम मिलर आणि डेव्हिड फिंचर यांनी. ते काही जमलं नाही, पण त्या खटपटीतून २०१९ साली नेटफ्लिक्सवर 'लव्ह, डेथ अँड रोबोट्स' ही मालिका आली. पहिल्याच फेरीत अठरा लघुपट. त्यातले काही फार देखणे आणि विचारी आहेत. पण एकात खून पाहिलेली बाई शहरभर जिवाच्या आकांतानं पळते, आणि पळताना ती अर्धीउघडी असणं दिग्दर्शकाला गरजेचं वाटतं. जिवाच्या भीतीनं पळणाऱ्या बाईकडेसुद्धा त्या नजरेनं बघायचं, हे वळण १९८१ पासून चालत आलंय. २०२१ च्या नियमांनी आपल्याकडे अशा गोष्टींवर वयाची चिठ्ठी लावणं बंधनकारक केलं. चांगलं झालं. पण चिठ्ठी फक्त वय सांगते. आत माल काय आहे ते आपणच बघायचं असतं. डाळीच्या पाकिटावर तारीख असली म्हणून आपण खडे निवडायचं सोडत नाही.

आणि आता आपल्याच बायकांकडे वळते, कारण खरा राग मला तिथे आहे. आपल्या ओळखीतली एक मुलगी, चित्रकला फार सुंदर. दहालक्षणीला बस्तीपुढे तिची रांगोळी बघायला लोक थांबतात. बारावीनंतर तिला अॅनिमेशन शिकायचं होतं. घरात कुणीतरी असलाच एखादा तुकडा मोबाइलवर पाहिला आणि निकाल दिला, "असली चित्रं काढायला शिकणार का आपली मुलगी?" फॉर्म भरायचा राहिला. ती आता बी.कॉम.ला आहे. निर्णय देणाऱ्यांत तीन बायका होत्या.

अगं, विचार तर करा! तार्नाला मुकी कुणी ठेवलं? जिथे चित्रं काढली जात होती आणि गोष्टी ठरत होत्या तिथे सगळ्या कळा पुरुषांच्या हाती होत्या म्हणून ती मुकी राहिली. त्यावर आपला उपाय काय, तर आपल्या मुलीच्या हातचा कुंचलाही काढून घ्यायचा. म्हणजे पुढची पन्नास वर्षंही तीच चित्रं निघणार आणि आपण दाराआडून 'शी' म्हणणार.

बाईनं विज्ञानकथा लिहिली तर काय होतं, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईंनी 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं, ते मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आलं. त्यातल्या देशात पुरुष घरात बसतात, बायका कारभार बघतात, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात, आकाशातलं पाणी नळानं उतरवून घेतात आणि एकही माणूस न मारता लढाई जिंकतात. सौरचूल आपल्या गच्चीवर यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिच्यावरून प्रेरणा घेऊन इसाबेल एर्गेरा या स्पॅनिश दिग्दर्शिकेनं २०२३ साली मोठ्यांसाठीच अॅनिमेशनपट काढला, आणि त्यातला तो बायकांचा देश मेंदीच्या नक्षीत रंगवला. मेंदीत! जी कला आपल्या पोरी लग्नाच्या आदल्या रात्री गप्पा मारता मारता काढतात. ती उचलायला स्पेनहून बाई यावी लागली, आणि आपण आपल्या मुलीला बी.कॉम.ला पाठवलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीनं फक्त दार जास्त घट्ट लोटलं जातं. बघा, आणि बघून बोला. कुठलाही असा चित्रपट समोर आला की तीन गोष्टी विचारा. यातली बाई बोलते का? यात ज्याला मार लागतो त्याला दुखतं का? आणि आपल्याला हसवतायत ते कुणाच्या जिवावर? हे प्रश्न मुलीला विचारून भागणार नाही, तिला उत्तरं ठाऊकच असतात. मुलाला विचारा. जेवायला वाढताना विचारा. तो लाजेल, 'आई, तुला काय कळतंय' म्हणेल, पण पुढच्या वेळी तो तुकडा बघताना त्याला तुमचा प्रश्न आठवेल.

आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे. वर्षातून चार वेळा त्यावर विधानाचं चित्रीकरण दाखवतो, एरवी त्याच्यावर टॉवेल टाकलेला असतो. 'फॅन्टॅस्टिक प्लॅनेट' बहात्तर मिनिटांचा आहे, आपल्या एका बैठकीत बसतो. येत्या महिन्यात तो आपण मिळून बघू या. आणि त्या मुलीलाही तिच्या आईसकट बोलवा. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे फॉर्म अजून निघायचे आहेत.